दहा काचा आणि पाच कलोनियल शटर: फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरच्या एका घराचा हिशेब

घर फ्लोरिडाच्या अटलांटिक किनाऱ्यावर, मार्टिन काउंटीत स्टुअर्ट गावाच्या बाजूला आहे असं धरू. १९८०च्या दशकातलं, एकमजली, पोकळ काँक्रीट ब्लॉकचं, वरून स्टको म्हणजे सिमेंटचा गिलावा. लांबी ६० फूट, रुंदी ४० फूट, तोंड पूर्वेला आणि समोर सरळ लगूनचं पाणी. या पट्ट्यात अशी घरं गल्लोगल्ली आहेत, म्हणून नमुन्याला हेच घेतलंय. मालकांची मागणी साधी आहे: सगळ्या खिडक्यांना वादळापासून वाचवणारी कलोनियल शटर हवीत, कारण ती सुंदर दिसतात आणि कायम जागेवर असतात.

यातलं दुसरं कारण पहिल्यापेक्षा मोलाचं आहे. २००४ साली फ्रान्सिस वादळ ५ सप्टेंबरला याच भागात किनाऱ्यावर आलं आणि २५-२६ सप्टेंबरच्या मध्यरात्री जीन जवळजवळ त्याच ठिकाणी येऊन धडकलं. तीन आठवड्यांत दोनदा प्लायवूड ठोकायचं आणि दोनदा काढायचं, म्हणजे काय ते इथल्या जुन्या रहिवाशांना विचारा. बिजागरीवरचं शटर मिटायला दोन माणसं आणि काही मिनिटं पुरतात.

कलोनियल शटर म्हणजे खिडकीच्या दोन्ही बाजूंना बिजागरीवर टांगलेल्या ॲल्युमिनियमच्या दोन झडपा. एरवी त्या भिंतीला टेकून उघड्या असतात. वादळ येताना मधोमध मिटायच्या आणि वरून आडवे अडसर लावायचे. व्याख्या एवढीच आहे, पण सगळी मेख तिच्यातच आहे. उघडी झडप भिंतीवर मावली पाहिजे, म्हणजे हे शटर बसेल की नाही हे खिडकी ठरवत नाही, तिच्या बाजूची भिंत ठरवते. या घराला काचेच्या दहा जागा आहेत: आठ खिडक्या, मागचं सरकतं दार आणि पुढच्या दाराशेजारची अरुंद काच. भिंत मोजून झाल्यावर कलोनियल बसतील अशा त्यातल्या पाचच उरल्या.

भिंतीचं मोजमाप

खिडकीची रुंदी आणि उंची प्रत्येकी तीन ठिकाणी मोजायची आणि दोन्ही कर्ण घ्यायचे. कर्णांत पाव इंचाहून जास्त फरक आला तर चौकट तिरकी आहे. मग झडपा चौकटीच्या मापाने न करता ओळंब्याच्या मापाने करायच्या. त्यानंतर टेप खिडकीवरून उचलून भिंतीवर टाकायचा.

पुढच्या भिंतीवर पहिल्या दोन खिडक्या ३६ बाय ४८ इंचांच्या. झडपांनी उघड्या जागेला चारी बाजूंनी दीड-दीड इंच झाकलं पाहिजे असं धरलं तर मिटलेलं शटर ३९ बाय ५१ इंच होतं, आणि एक झडप साडेएकोणीस इंच रुंद. दोन खिडक्यांमध्ये भिंत ४८ इंच. दोन्हीकडची दीड-दीड इंच झाकण वजा केली की ४५ उरतात, शेजारच्या दोन उघड्या झडपांना ३९ लागतात, मध्ये शिल्लक ६ इंच. बरोबर तिथेच बाहेरचा दिवा आहे. त्याची बैठक ५ इंचांची, म्हणजे कागदावर बसतं. प्रत्यक्षात दिव्याची काच बैठकीच्या बाहेर फुगलेली आहे, आणि झडप शेवटच्या वीतभर अंतरात तिला घासते. दिवा हलवायचा, आणि तो शटर येण्याआधी हलवायचा. झडपा लागल्यावर इलेक्ट्रिशियनला तिथे हात घालायला जागाच उरत नाही.

तिसरी खिडकी शयनघराची जोडखिडकी, ७२ बाय ४८. साध्या दोन झडपांना प्रत्येकी साडेसदतीस इंच लागतील आणि कोपऱ्याकडे भिंत आहे २० इंच. मग चार पानांची घडीची शटर? एक पान पावणेएकोणीस इंचांचं, त्यात दीड इंच झाकण मिळवलं की सव्वावीस. पाव इंच कमी पडतंय. ‘पाव इंच कोपऱ्याबाहेर गेला तर काय बिघडलं’ असा मोह इथे होतो. बिघडतं ते उघडी झडप धरून ठेवणाऱ्या आकड्याचं, म्हणजे हुकाचं. त्याचा स्क्रू भिंतीच्या कडेपासून ठरावीक अंतर सोडूनच मारावा लागतो आणि कोपऱ्यावर ते अंतर मिळत नाही. न धरलेली घडी साध्या वाऱ्यातही भिंतीवर आपटत राहते. या खिडकीला अकॉर्डियन, म्हणजे भात्यासारखी घडी होऊन बाजूला सरकणारं शटर ठरवलं. घडी सगळी कोपऱ्यापासून लांबच्या बाजूला जमेल, खटका घरातून उघडेल. दिसायला ते दोन बहिणींशेजारी बसलेल्या पाहुण्यासारखं आहे, हे मान्य. वरून पडवीसारखी टांगलेली बहामा शटरही इथे बसली असती, पण ती वर्षभर उजेड अडवते आणि ही खोली आधीच अंधारी आहे.

उत्तरेला स्वयंपाकघराची ४८ बाय ३६ ची खिडकी. उजवीकडे दहा इंचांवर विजेचा मीटर, आणि झडप साडेपंचवीस इंचांची. मीटर झाकून चालत नाही आणि तो हलवणं हे शटरपेक्षा मोठं काम. तिथे पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे काढता येणारे पत्रे. बाथरूमच्या २४ इंची खिडकीला आणि दाराशेजारच्या काचेलाही तसेच. मागच्या आठ फुटी सरकत्या दाराला अकॉर्डियन. एवढ्या रुंदीला कलोनियलचा विचारसुद्धा करू नये.

दक्षिणेच्या सहाव्या आणि सातव्या खिडकीला कलोनियल बसतात, पण दोन्हीकडे अडथळा आहे. सहावीच्या बाजूला बारा इंचांवर पन्हाळीचा उभा नळ आहे. झडपेला २१ इंच लागतात, म्हणून नळ २४ इंचांच्या पलीकडे सरकवला. सातवीखाली एसीचं बाहेरचं युनिट आहे. झडप त्याच्या वरून फिरते, मोजमापात काहीच खटकत नाही. खटकतं ते अडसर लावताना, कारण माणसाने उभं राहायचं कुठे? मागच्या भिंतीवरच्या आठव्या खिडकीला कसलीच अडचण नाही.

कागदावरची ताकद

१९९२च्या अँड्र्यू वादळाने दक्षिण फ्लोरिडातल्या बांधकामाचे नियम मुळापासून बदलायला लावले आणि १ मार्च २००२ पासून संपूर्ण राज्याला एकच बांधकाम संहिता लागू झाली. सगळ्यात कडक, ‘हाय व्हेलॉसिटी’ (अतिवेगवान वाऱ्याचा) विभाग म्हणजे फक्त मायामी-डेड आणि ब्रॉवर्ड काउंट्या. मार्टिन त्यात येत नाही, पण किनाऱ्यालगतचं हे घर ‘उडत्या मलब्याच्या’ पट्ट्यात येतं. म्हणून इथे लागणाऱ्या शटरला राज्याचा उत्पादन-मान्यता क्रमांक हवा. त्यामागची चाचणी अशी: ९ पाउंड वजनाची दोन-बाय-चारची लाकडी फळी सेकंदाला ५० फूट वेगाने शटरवर मारतात आणि मग तेच शटर आतबाहेर दाबाच्या एकूण ९,००० फेऱ्यांतून काढतात.

दुकानांत कलोनियलसारखी दिसणारी व्हायनिलची शोभेची शटरही मिळतात. ती भिंतीला स्क्रूने पक्की असतात, मिटतच नाहीत. वीमावाल्यासाठी आणि वाऱ्यासाठी त्यांची किंमत शून्य. नुसत्या तिरक्या पट्ट्यांची झडपही पुरत नाही, खरी वादळी झडप असेल तर पट्ट्यांमागे पत्रा असतो. ऑर्डर देताना पत्रा कोणत्या बाजूला हे चित्र काढून लिहून घ्यायचं. झडप १८० अंशांत उघडते तेव्हा मिटलेली असताना बाहेर असलेली बाजू भिंतीकडे जाते आणि काचेकडची बाजू रस्त्याला दिसते. हे उलटं झालं तर वर्षाचे तीनशेहून जास्त दिवस रस्त्यावरून कोरा पत्रा दिसतो.

आता दाब. परवाना कार्यालय या पत्त्याला ताशी १६० मैल वारा धरतं असं समजू. मोकळ्या पाण्याकाठचं घर, छत सरासरी १५ फुटांच्या आत. संहितेच्या सूत्राने भिंतीच्या मधल्या भागावर चौरस फुटाला आत सुमारे ४१ पाउंड आणि बाहेर ४४ पाउंड दाब येतो. कोपऱ्यालगत मात्र बाहेरचा आकडा ५४ वर जातो. बाहेरचा म्हणजे ओढीचा. वारा शटरला खिडकीत दाबतो हे सगळ्यांना कळतं, तो शटर भिंतीतून उपटूही पाहतो हे लक्षात राहत नाही. या घराला कोपऱ्याचा पट्टा चार फुटांचा येतो, रुंदीच्या एक दशांश. सहावी खिडकी त्यात सापडते. तिचं शटर जवळपास १३.८ चौरस फुटांचं, म्हणजे ओढ साधारण ७५० पाउंड, एका बाजूला ३७५. बाजूला सहा स्क्रू मारले तर प्रत्येकाच्या वाट्याला ६२ पाउंड. आकडा लहान वाटतो, पण हा स्थिर दाबाचा हिशेब आहे. झोत येऊन-जाऊन तोच स्क्रू हलवत राहतो, आणि त्यातला एक स्क्रू नुसत्या गिलाव्यात असला तर त्याचा वाटा शेजारच्यांवर पडतो.

मान्यतेच्या नकाशात, म्हणजे त्या क्रमांकाखाली मंजूर झालेल्या आराखड्यात, रुंदी, उंची, दाब, स्क्रूची जात, त्यांच्यातलं अंतर, कडेपासूनचं अंतर आणि शटर-काच यांतलं किमान अंतर यांची कोष्टकं असतात. फळी आदळली की शटर आत वाकतं, म्हणून काच त्याच्या फार जवळ असून चालत नाही. कोटेशन घेताना हा नकाशाच मागावा. तो न देता ‘आम्ही नेहमी असंच बसवतो’ म्हणणाऱ्याला तिथूनच निरोप द्यावा.

सगळ्या काचा झाकण्याचा आग्रह का, तेही इथेच कळतं. एक मोठी काच फुटली की घर आतून फुगतं. सूत्रात आतल्या दाबाचा गुणांक ०.१८ वरून ०.५५ वर जातो आणि तो वाढलेला जोर छताला खालून नि भिंतींना आतून लागतो. म्हणूनच वीम्याच्या सवलतीसाठी भरायचा तपासणी फॉर्म (ओआयआर-बी१-१८०२) सगळ्यात कमकुवत काचेवरून घराची श्रेणी ठरवतो. बाथरूमची दोन फुटी खिडकी उघडी सोडली तर पुढच्या सुंदर शटरांचं श्रेय तिथेच बुडतं.

घर एखाद्या सोसायटीत असेल तर २०२४च्या कायद्यानुसार त्या सोसायटीने वादळ-संरक्षणाचे निकष, रंग आणि नमुन्यासह, ठरवून ठेवायचे आहेत. त्या निकषांत बसणारा अर्ज मंडळाला फेटाळता येत नाही. रंगाची मंजुरी लेखी घ्या आणि पुढे चला.

फोम, सिल आणि स्क्रू

पुढच्या तीन खिडक्यांभोवती चार इंच रुंद, दीड इंच जाड उठावदार पट्टी आहे. ती दगडासारखी दिसते, पण बोटाने ठोकली की पोकळ वाजते. आत फोम, वरून गिलाव्याचा पातळ थर. बसवण्याच्या कामात सगळ्यात जास्त घोटाळा याच पट्टीवर होतो. लांब स्क्रू फोममधून ब्लॉकमध्ये गेला तरी दीड इंच तो हवेतच असल्यासारखा असतो. झडपेच्या वजनानेच तो खाली झुकतो, फोम दबतो, बिजागरी ढिली होते आणि वर्षभरात दोन झडपांची वरची टोकं एकमेकांवर चढतात. वादळ तर अजून आलेलंही नसतं.

उपाय असा: बिजागरीच्या रेषेत फोमची उभी पट्टी कापून काढायची, खालच्या गिलाव्यापर्यंत. तिथे दोन बाय दोन इंचांचा, एक सूत म्हणजे १/८ इंच जाडीचा ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप उभा बसवायचा आणि बिजागरी त्या पाइपवर. अर्थात मान्यतेच्या नकाशात असा पाइप दाखवलेला असेल तरच. याच पाइपने दुसरी अडचणही सुटते. इथलं काँक्रीटचं सिल (खिडकीखालची आडवी कड) भिंतीच्या पावणेदोन इंच पुढे आलेलं आहे आणि शटर सिलवरून खाली उतरतं. पाइप नसता तर झडपेची खालची कड सिलला अडली असती. पाइपमुळे दोन सुतांची फट मिळते. फोम नसलेल्या दक्षिण आणि मागच्या खिडक्यांनाही म्हणूनच हाच पाइप. एक विसरू नका: झडप आता उघडी असतानाही भिंतीपासून दोन इंच लांब राहते, तेव्हा ती धरणारे आकडे लांब दांड्याचे मागवायचे.

स्क्रूचा हिशेब. काँक्रीटमध्ये बसणारा पाव इंची ‘टॅपकॉन’ स्क्रू, ब्लॉकमध्ये किमान सव्वा इंच रुतलेला. गिलावा पाऊण इंचाचा, आणि तो रुतण्यात धरायचा नाही. पाइपची एक भिंत एक सूत. बेरीज सव्वादोनाला एक सूत कमी, म्हणून सव्वादोन इंची स्क्रू. पाइपच्या बाहेरच्या भिंतीला डोकं आणि सॉकेट जाईल एवढं मोठं भोक पाडून स्क्रू आतल्या भिंतीवर कसायचा. ब्लॉकमधलं भोक ३/१६ इंची कार्बाइड बिटने, स्क्रूच्या टोकापेक्षा किमान पाव इंच खोल, आणि भुकटी फुंकून काढून. भुकटी राहिली तर स्क्रू शेवटच्या आट्यांत अडकतो, कामगार इम्पॅक्ट ड्रायव्हरने जोर लावतो आणि आटे ब्लॉकचा चुरा करतात. मग स्क्रू गरगर फिरतो. त्या भोकात जाडा स्क्रू, काडी किंवा गोंद घालून वेळ मारून न्यायची नाही. नकाशातलं अंतर राखून नवं भोक पाडायचं. शेवटचा वेढा हातानेच द्यावा.

पोकळ ब्लॉकची पुढची भिंत सव्वा इंचाच्या आसपासच असते. ड्रिल आत जाताना विरोध अचानक संपला तर मागे पोकळी आहे. नकाशात पोकळ ब्लॉक आणि भरलेला ब्लॉक यांची वेगवेगळी कोष्टकं असतात, पोकळीसाठी स्क्रू जवळजवळ येतात. खिडकीच्या अगदी कडेला दुसरा धोका: तिथे चौकटीमागे लाकडी पट्टी असते आणि तिच्यात गेलेल्या टॅपकॉनला काँक्रीटची पकड मिळत नाही.

निळे साधे टॅपकॉन खाऱ्या हवेत गंजतात आणि पाइपखाली तांबूस ओघळ दिसू लागतात. स्टेनलेसचे घ्या, पण नकाशात ती जात लिहिलेली असेल तरच. बिजागऱ्याही स्टेनलेसच्या, आणि पोलाद नि ॲल्युमिनियम जिथे टेकतात तिथे नायलॉनचे वायसर. भोकात आधी सीलंट, मग स्क्रू. पाइपभोवती सीलंट वरून आणि दोन्ही बाजूंनी. खालची कड उघडी ठेवायची, नाहीतर आत शिरलेलं पाणी गिलाव्यामागे वाट शोधतं.

झडप टांगताना आधी वरची बिजागरी, मग ओळंबा, मग खालची. मिटल्यावर मधली फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. एका झडपेला मधल्या सांध्यावर पट्टी असते, म्हणून ती नंतर मिटायची. ‘आधी डावी’ असं आतल्या कडेला कोरून ठेवा, रंगाने लिहिलेलं उन्हात उडतं.

अडसर आणि सुटकेची वाट

अडसर सुटे असतात आणि तेच हरवतात. पाच खिडक्या, प्रत्येकी दोन धरले तर दहा अडसर. खिडकीगणिक लांबीत एखाद-दोन सुतांचा फरक पडतोच, म्हणून प्रत्येकावर खिडकीचा नंबर ठोकायचा. अडसर कसायचे विंग नट (हाताने फिरवायचे, पंखवाले) प्रत्येक खिडकीच्या वेगळ्या डब्यात, चार जादा. सातव्या खिडकीसाठी एसी युनिटच्या बाजूला पक्का ओटा केला. तिथून दोन्ही टोकांना हात पोचतो, एसीच्या जाळीवर पाय द्यावा लागत नाही.

बाहेरून अडसर लावलेली शयनघराची खिडकी आग लागली तर भिंतच होते. या घरात सहावी आणि सातवी दोन वेगवेगळ्या शयनघरांच्या. दोन्हींना आतून सुटणाऱ्या कुलुपाचा प्रकार मागवला आणि तो मान्यतेच्या नकाशात आहे हे पाहूनच मागवला. खिडकीची काच वर सरकवून हात बाहेर जातो का, खटका बोटांना सापडतो का, हे दिवसा एकदा आणि दिवे घालवून एकदा करून बघायचं. घरातल्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात वयस्कर माणसाकडून.

तपासनीस येईल तेव्हा प्रत्येक शटरवरचं मान्यतेचं लेबल शाबूत हवं. रंगारी हौसेने त्यावरून ब्रश फिरवतात. पाइपच्या तोंडावर टोप्या बसवण्याआधी प्रत्येक स्क्रूचा टेप धरून फोटो काढून ठेवा. नंतर आतलं काही दिसत नाही, आणि वीम्याच्या तपासणीला हेच फोटो कामी येतात.

वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. मे महिन्यात एकदा सगळी शटर पूर्ण मिटायची, अडसरांसकट. पट्ट्यांमागे गांधीलमाश्यांची पोळी असतात, तेव्हा आधी लांबून पाणी मारा. मीठ गोड्या पाण्याने धुऊन काढायचं, बिजागरीला कोरडं सिलिकॉन वंगण. तेल नको, ते वाळू धरून ठेवतं. जोराचा वारा अपेक्षित असण्याच्या ४८ तास आधी ‘वॉच’ आणि ३६ तास आधी ‘वॉर्निंग’ जाहीर होते. झडपा वॉचमध्येच मिटायच्या. झोत सुरू झाल्यावर साडेएकोणीस इंचांची झडप शिडासारखी वारा धरते आणि एका माणसाच्या हातात राहत नाही. पूर्वेच्या खिडक्या आधी, एसीजवळची सातवी सर्वांत शेवटी, आणि ती मिटण्याआधी युनिटचा बाहेरचा वीजपुरवठा बंद.